सोळा आण्यांचं गणित: सी भाषेत फ्लोटिंग पॉइंट संख्या स्केल करताना

डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टांत एकदा तरी हाताखालून जातोच. तीन पायांचा, दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा. त्याला तापमान विचारलं की तो अंश सांगत नाही, एक पूर्णांक हातावर ठेवतो. समजा, ४०१. हा सेन्सर एका अंशाचे सोळा भाग करून मोजतो, म्हणजे ४०१ भागिले १६, म्हणजे २५.०६२५ अंश सेल्सिअस. नवीन माणूस इथे हमखास एक चूक करतो. ४०१ चार घरं उजवीकडे सरकवतो किंवा सरळ १६ने भागतो, दोन्ही बाजू पूर्णांक असल्यामुळे उत्तर २५ येतं, आणि वरचा चिल्लर भाग गुपचूप गळून पडतो.

जुन्या काळच्या कारकुनाला हाच आकडा दिला असता तर त्याने क्षणात सांगितलं असतं, "पंचवीस रुपये एक आणा." १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी येईपर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले रोजच्या तोंडातले अपूर्णांकही सगळे दोनच्या घरातले. संगणकाची फ्लोटिंग पॉइंट संख्या (म्हणजे अपूर्णांक मावणारी संख्या) अगदी याच वळणाची आहे. तिला आणे कळतात, नवे पैसे कळत नाहीत. ०.२९ रुपयाचे पैसे करायला १००ने गुणा आणि पूर्णांकात टाका, २८ येतात. एक पैसा कुठे गेला? ०.२९ ही संख्या दोनच्या घातांत नेमकी बसतच नाही, गुणाकार २८.९९९९९९९९९९९९९९६ वर थांबतो आणि पूर्णांक करताना शेपूट कापलं जातं.

दोनच्या घाताची पट मात्र फुकट पडते. संख्येचे अंक जसेच्या तसे राहतात, फक्त घातांक बदलतो. सी भाषेच्या मॅथ लायब्ररीत नेमक्या याच कामासाठी चार-पाच फंक्शनं आहेत. ती शिकायला एक दुपार पुरते. चुका कुठे होतात हे शिकायला मात्र मला दोन-तीन वर्षं लागली.

पायरी पहिली: तयारी

फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थात इंग्रजी छोटी अक्षरं वापरायची, म्हणून स्पेलिंग एकदाच सांगतो. एलडीएक्सप म्हणजे एल, डी, ई, एक्स, पी. एफआरएक्सप म्हणजे एफ, आर, ई, एक्स, पी. स्केलबीएनमध्ये एस, सी, ए, एल, बी, एन. मधे ई नाही, तिथे बोट हमखास घसरतं. आयलॉगबी म्हणजे लॉगच्या आधी आय आणि नंतर बी.

फाइलच्या सुरुवातीला मॅथ.एच हे हेडर घ्या. जुन्या कंपायलरांवर हेडर विसरलं तरी प्रोग्रॅम निव्वळ एका वॉर्निंगवर पुढे जायचा, आणि कंपायलरला ओळखीचं नसलेलं फंक्शन इंट देतं असं धरलं जायचं. त्यातून येणारी उत्तरं बघून माणूस स्वतःच्या गणितावर शंका घ्यायचा. २०२४च्या जीसीसी १४ या कंपायलरपासून ही थेट एरर आहे, ते बरंच झालं.

लिनक्सवर कंपाइल करताना मॅथ लायब्ररी जोडण्यासाठी कमांडच्या शेवटी -एलएम लावा. शेवटी म्हणजे सोर्स फाइलच्या नावानंतर. आधी लावलं तर लिंकर कुरकुर करू शकतो. गंमत अशी की नुसतं एलडीएक्सप किंवा एफआरएक्सप वापरलंत तर लिनक्सच्या नेहमीच्या ग्लिबसी या सी लायब्ररीवर -एलएम नसतानाही काम होतं, कारण ही फंक्शनं मूळ सी लायब्ररीतही ठेवलेली आहेत. मग पुढच्या आठवड्यात कोणी हायपॉट हे कर्ण काढणारं फंक्शन वापरतं आणि "काल तर चालत होतं" सुरू होतं. पहिल्या दिवसापासून लावायची सवय ठेवा.

पायरी दुसरी: संख्या आतून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. गाळू नका.

आज जवळपास सगळीकडे चालणाऱ्या आयट्रिपलई ७५४ मानकाप्रमाणे (मूळ मानक १९८५चं) सीमधला डबल हा संख्येचा प्रकार ६४ बिटांचा असतो: १ बिट चिन्हाचा, ११ घातांकाचे, ५२ अपूर्णांकाचे. फ्लोट ३२ बिटांचा: १, ८ आणि २३. संख्या मनात अशी वाचा: "इतके, गुणिले दोनचा अमुक घात." इतके म्हणजे १ ते २च्या मधली संख्या. २४ म्हणजे दीड गुणिले १६. १० म्हणजे सव्वा गुणिले ८. ६ म्हणजे दीड गुणिले ४.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रिंटएफला %एफऐवजी %ए द्या. सी९९पासून, म्हणजे सी भाषेच्या १९९९च्या मानकापासून, ही सोय आहे. दीड छापा, दिसेल ०एक्स१.८पी+०. चोवीस छापा, ०एक्स१.८पी+४. सुरुवातीचं ०एक्स हे सोळाच्या पायाचं चिन्ह, १.८ हा सोळाच्या पायात लिहिलेला दीड (आठ सोळांश म्हणजे अर्धा), आणि पीनंतरचा आकडा दोनचा घात. दोन्ही संख्यांचे अंक तेच, बदललं फक्त शेपूट.

आता ०.१ छापा. पहिल्या एकनंतर बारा नऊ आणि शेवटी एक ए, मग पी-४. तो शेवटचा ए म्हणजे गोळाबेरीज (राउंडिंग) केल्याची खूण. नऊ अनंत चालले असते, ५२ बिटांत जागा संपली म्हणून शेवटचा वर ढकलला. ०.२ छापा, ०.८ छापा: तेच बारा नऊ, तोच ए, फक्त शेवटी पी-३ आणि पी-१. ०.३ छापलात तर मात्र अंकांची वेगळीच रांग येईल. दोनची पट अंकांना हात लावत नाही, हे एकदा पडद्यावर पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पायरी तिसरी: एलडीएक्सप

नावाचा उगम: लोड एक्स्पोनंट. दोन गोष्टी द्यायच्या, संख्या आणि घात. उत्तर येतं संख्या गुणिले दोनचा तो घात. घात ऋण असला की भागाकार. सेन्सरचं काम एका ओळीत:

डबल तापमान = एलडीएक्सप(कच्चा, -४);

कच्चा ४०१ असेल तर २५.०६२५. कच्चा -१६२ असेल तर -१०.१२५, म्हणजे उणे दहा रुपये दोन आणे. कच्चा १३६० असेल तर ८५, आणि तो दिसला तर खूश होऊ नका. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप व्हायच्या आधी हा सेन्सर ८५च सांगतो. पूर्ण १२ बिटांच्या मोजमापाला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, तुम्ही तेवढं थांबला नाहीत एवढाच त्याचा अर्थ.

इथे माझी एक फजिती सांगतो, कारण ती स्केलिंगची वाटली आणि नव्हती. एका ओळखीच्यांच्या डीप फ्रीझरवर हा सेन्सर बसवला होता, आर्डुइनो उनोवर. महिनाभर छान चालला. मग वायफाय हवं म्हणून तोच कोड ईएसपी३२वर नेला आणि पडद्यावर तापमान आलं ४०८५ अंश. मी अर्धा दिवस एलडीएक्सपच्या मागे लागलो होतो. दोष होता वरच्या ओळीत. सेन्सरचे दोन बाइट जोडून मी ते इंटमध्ये ठेवले होते. उनोवर इंट १६ बिटांचा, त्यामुळे वरचा बिट आपोआप चिन्ह ठरायचा. ईएसपी३२वर इंट ३२ बिटांचा, तिथे उणे १६२चं सरळ ६५३७४ झालं. त्याला १६ने भागा, ४०८५.८७५. उपाय साधा: दोन बाइट जोडल्यावर ते इंट१६_टी या प्रकारात टाका आणि मगच स्केल करा.

असंच पूर्णांक सरकवण्याचंही. -१६२ चार घरं उजवीकडे सरकवला तर बहुतेक कंपायलरांवर -११ मिळतो, १६ने पूर्णांक भागाकार केला तर -१०. एकाच संख्येची दोन उत्तरं, आणि दोन्ही अर्धवट. डबलवर तर सरकवण्याचं चिन्ह चालतच नाही, कंपायलर तिथेच अडवतो. डबल सरकवायचा म्हणजे एलडीएक्सप, एवढं डोक्यात बसवा.

फ्लोटसाठी नावाच्या शेवटी एफ लावायचा, लाँग डबलसाठी एल. ही भावंडं सी९९मध्ये आली, मूळ एलडीएक्सप त्याआधीच्या मानकातही होतं. शून्य, अनंत आणि नॅन ("ही संख्याच नाही" असं सांगणारं मूल्य) या तिघांना तुम्ही कितीही पटीत टाका, ते तसेच परत येतात.

एक मत स्पष्ट सांगून टाकतो. घात आधीच माहीत आहे आणि तो बदलणार नाही, तर एलडीएक्सपचा हट्ट नको. कच्चा * ०.०६२५ लिहा. ०.०६२५ म्हणजे नेमका एक आणा, त्यात कुठेही गोळाबेरीज नाही, आणि लॅपटॉपसारख्या मशीनवर गुणाकार ही प्रोसेसरची एक सूचना आहे. फंक्शनची खरी गरज दोनच ठिकाणी: घात प्रोग्रॅम चालताना ठरतो तेव्हा, किंवा संख्या फार मोठ्या-लहान टोकाला असतात तेव्हा.

पायरी चौथी: उलटा प्रवास, एफआरएक्सप

आता संख्या हातात आहे आणि तिचे दोन तुकडे हवे आहेत. एफआरएक्सपला संख्या आणि एका इंटचा पत्ता द्या. ते अपूर्णांक परत देतं आणि घात त्या पत्त्यावर लिहून ठेवतं.

इंट घात;
डबल भाग = एफआरएक्सप(१०.०, &घात);

भाग येतो ०.६२५ आणि घात ४, कारण ०.६२५ गुणिले १६ म्हणजे १०. इथे थबकायला होतं. आत्ताच तर आपण १०ला सव्वा गुणिले ८ म्हटलं होतं! एफआरएक्सपचा रिवाज वेगळा आहे. ते अपूर्णांक अर्धा ते एकच्या मधे ठेवतं. अर्धा धरून, एक सोडून. म्हणून त्याचा घात नेहमी एकने जास्त दिसतो. १ दिला तर ०.५ आणि १. ०.१ दिला तर ०.८ आणि -३. -६ दिला तर -०.७५ आणि ३, म्हणजे उणे पाऊण गुणिले ८. शून्य दिलं तर दोन्ही शून्य. अनंत किंवा नॅन दिलं तर घाताच्या जागी काय येईल याची मानक हमी देत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका.

नवख्यांची नेहमीची चूक: इंट *घात, असा नुसता पॉइंटर जाहीर करून तोच पुढे द्यायचा. तो कुठेही बोट दाखवत नसतो. एफआरएक्सप निमूटपणे कुठल्यातरी अनोळखी घरात जाऊन आकडा लिहितं, आणि प्रोग्रॅम कोसळला तर नशीब म्हणायचं, नाहीतर तो कोसळता न कोसळता चालत राहतो. आधी साधा इंट, मग त्याचा पत्ता.

नुसता घात हवा असेल तर आयलॉगबी. ते "एक ते दोन"च्या रिवाजाने चालतं, म्हणून १०चं उत्तर ३. लॉगबी तेच उत्तर डबलमध्ये देतं. अनेक जण त्याऐवजी लॉग२ घेऊन पूर्णांक करतात आणि वर्षभर सगळं ठीक चालतं. मग कधीतरी ८च्या लगेच खालचा डबल समोर येतो. त्याचा खरा लॉग ३पेक्षा केसभर कमी, पण तो केस डबलमध्ये मावण्याइतकाही जाड नाही. लॉग२ चक्क ३ देतं. आयलॉगबी बरोबर २ सांगतं, कारण ते अंदाज करत नाही, घातांकाचे बिट वाचतं.

पायरी पाचवी: पॉवने का नाही

"दोनचा घात पॉवने काढू आणि गुणू, त्यात काय!" हा प्रश्न दर बॅचला येतो. नेहमीच्या आकड्यांत खरंच काही बिघडत नाही. टोकाला बिघडतं.

डबलमधली सर्वांत मोठी संख्या साधारण १.८ गुणिले १०चा ३०८वा घात, म्हणजे दोनच्या १०२४व्या घाताच्या किंचित खाली. सर्वांत लहान धन संख्या दोनचा -१०७४वा घात. टोकं सारखी नाहीत हे लक्षात घ्या. आता तुमच्याकडे दोनचा -१०६०वा घात आहे आणि त्याला दोनच्या ११००व्या घाताने गुणायचंय. उत्तर दोनचा ४०वा घात, १०,९९,५१,१६,२७,७७६. अगदी सभ्य संख्या. पण पॉव(२, ११००) आधीच अनंत होऊन बसतं आणि गुणाकारही अनंत. एलडीएक्सपला तोच घात द्या, ते मधली पायरी चढतच नाही, उत्तर बरोबर येतं. उलट्या दिशेलाही हेच: दोनच्या १०००व्या घाताला -११००ने खाली आणायचं तर पॉव शून्य देतं आणि तुमचं सगळं शून्यात जातं.

एक १ घेऊन तो डावीकडे हवी तेवढी घरं सरकवण्याचा उपायही कोणी सुचवतं. इंट ३२ बिटांचा असेल तर ३१व्या घरापासून पुढे त्याचं वर्तन मानकाने वाऱ्यावर सोडलंय. दोनचा शंभरावा घात तर विसराच.

पायरी सहावी: काठावर जपून

फुकट पडते म्हणालो, पण काठावर फुकट नाही. हा प्रयोग स्वतः करून बघा. ०.१ घ्या, एलडीएक्सपने -१०७०ने खाली न्या, मग +१०७०ने परत वर आणा. ०.१ परत यायला हवा. येतो ०.१२५.

कसं? ०.१ म्हणजे १.६ गुणिले दोनचा -४वा घात. १०७० खाली गेलं की १.६ गुणिले दोनचा -१०७४वा घात. पण दोनचा -१०७४वा घात हे डबलमधलं सर्वांत लहान नाणं आहे, त्याखाली सुटे मिळत नाहीत. दुकानदाराने १.६चे २ केले. वर येताना त्या दोनचीच पट झाली: दोनचा -३रा घात, दोन आणे, ०.१२५. फ्लोटिंग पॉइंटमध्ये दोनच्या -१०२२व्या घाताखालचा हा सगळा पट्टा असाच आहे. तिथे घातांक आणखी खाली जाऊ शकत नाही, म्हणून अंक एकेक करून गळतात. या संख्यांना सबनॉर्मल म्हणतात. फ्लोटमध्ये तो पट्टा दोनच्या -१२६व्या घाताखाली सुरू होतो आणि -१४९ला संपतो.

वरच्या काठावर तर सरळ ओव्हरफ्लो. एलडीएक्सपला संख्या १ आणि घात १०२४ द्या, अनंत येतो. मानक सांगतं की अशा वेळी एर्नो या चलात ईरेंज ही "आवाक्याबाहेर"ची खूण टाकता येईल किंवा फ्लोटिंग पॉइंटचा ओव्हरफ्लो झेंडा वर करता येईल. यातली कुठली सोय तुमची लायब्ररी देते ते मॅथ_एररहँडलिंग या नावातून कळतं. ग्लिबसी दोन्ही करते. मसल (लिनक्सवरचीच दुसरी एक सी लायब्ररी) आणि मॅकवरची लायब्ररी एर्नोला हात लावत नाहीत. म्हणून एर्नोवर विसंबणारा कोड मशीन बदललं की मुका होतो. मी उत्तर हातात आल्यावर आयएसइन्फने सरळ विचारतो, "तू अनंत आहेस का?" आणि खालच्या बाजूला उत्तर शून्य झालं का ते बघतो.

पायरी सातवी: स्केलबीएन आणि त्याचा लांब भाऊ

स्केलबीएन दिसायला एलडीएक्सपच. संख्या द्या, इंट द्या. फरक एवढाच की ते दोनच्या घाताने नाही, एफएलटी_रेडिक्सच्या घाताने गुणतं. एफएलटी_रेडिक्स म्हणजे तुमच्या मशीनची फ्लोटिंग पॉइंट संख्या ज्या पायावर उभी आहे तो पाया. तुमच्या लॅपटॉपवर तो २, त्यामुळे दोन्ही फंक्शनं एकच उत्तर देतात. पण आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६०वर पाया १६ होता. तशा मशीनवर स्केलबीएनला घात १ दिला तर सोळापट, एलडीएक्सपला १ दिला तर दुप्पट. सोळापटीत अंक हलत नाहीत, दुप्पटीत हलतात, म्हणून दोन वेगळी फंक्शनं.

मग कुठलं वापरायचं? हिशेबात "दोन"च अभिप्रेत असेल, जसं आपल्या सेन्सरचं, तर एलडीएक्सप. "कितीही पट चालेल, फक्त अंकांना धक्का नको" असं असेल, तर आयलॉगबी आणि स्केलबीएन ही जोडी. आयलॉगबीही त्याच पायाने मोजतं. उत्तर आज सारखंच येणार आहे, पण तुमचा कोड वाचणाऱ्याला हेतू कळतो.

स्केलबीएलएनमध्ये घात लाँग असतो. हे निव्वळ हौसेपोटी नाही. मानकाने इंटला किमान ३२७६७पर्यंतचीच हमी दिली आहे. इंटेलच्या ८० बिटांच्या लाँग डबलमध्ये सर्वांत लहान संख्या दोनचा -१६४४५वा घात आणि सर्वांत मोठी दोनच्या १६३८४व्या घाताच्या जरा खाली. खालच्या टोकावरून वरच्या टोकाला उडी मारायची तर घात लागतो ३२८२८. १६ बिटांच्या इंटमध्ये ही उडी ६१ने कमी पडते. रोजच्या कामात मात्र तुम्हाला हे फंक्शन क्वचितच लागेल.

पायरी आठवी: खरं काम

काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू: ३ गुणिले १०चा २००वा घात आणि ४ गुणिले १०चा २००वा घात. कर्ण अर्थात ५ गुणिले तेच. पण बाजूचा वर्ग केलात की १०चा ४००वा घात, डबलच्या बाहेर. अनंत अधिक अनंत, त्याचं वर्गमूळ अनंत. उत्तर मावतं, मधली पायरी मावत नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजू आधी आटोक्यात आणायच्या:

इंट घ = आयलॉगबी(मोठी);
डबल क = स्केलबीएन(अ, -घ);
डबल ख = स्केलबीएन(ब, -घ);
डबल कर्ण = स्केलबीएन(एसक्यूआरटी(क*क + ख*ख), घ);

मोठी म्हणजे दोन्ही बाजूंतली चिन्ह सोडून मोठी असलेली संख्या. इथे घ येतो ६६६. खाली आणल्यावर बाजू होतात साधारण ०.९८० आणि १.३०६, त्यांचा कर्ण १.६३३, आणि तो ६६६ने वर नेला की ५ गुणिले १०चा २००वा घात. खाली आणताना आणि वर नेताना एकही अंक बदलला नाही. जी काय गोळाबेरीज झाली ती वर्ग, बेरीज आणि वर्गमूळ करताना. इथे १०च्या घाताने खाली-वर केलं असतं तर दर फेरीला थोडी घाण आत आली असती.

लहान बाजू फारच लहान असेल आणि स्केल करताना शून्य झाली तर? होऊ द्या, एवढ्या मोठ्या बाजूशेजारी तिचं वजन तसंही लागत नाही. मात्र दोन्ही बाजू शून्य असतील तर आधीच बाहेर पडा. आयलॉगबी शून्यासाठी एक खास आकडा देतं, तो काही मशीनवर इंटमधली सर्वांत लहान संख्या असतो, आणि तिचं चिन्ह बदलायला गेलात की इंटच ओव्हरफ्लो होतो. दोन बाजूंसाठी सी९९चं हायपॉट हे सगळं स्वतः सांभाळतं, तेच वापरा. तीन किंवा तीन हजार घटकांचा व्हेक्टर आला की वरची युक्ती हाताशी लागते.

दुसरं काम शक्यतांच्या गुणाकाराचं. ०.०१ला ०.०१ने गुणत राहा. १६२व्या गुणकाला डबल शून्य होतो आणि त्यानंतर त्याला काहीच वाचवू शकत नाही. लॉग घेऊन बेरीज करणं हा रूढ मार्ग आहे. पण तुकडे वेगळे ठेवणं मला जास्त आवडतं, त्यात लॉगची गोळाबेरीज दर पावलाला घुसत नाही:

डबल म = १.०;
लाँग घ = ०;
इंट ए;
(प्रत्येक गुणकासाठी) म = एफआरएक्सप(म * गुणक, &ए); घ += ए;

दर फेरीला म अर्धा ते एकच्या मधे परत येतो आणि जमा झालेला घात बाजूला लाँगमध्ये साठतो. गुणक शून्य नसावा एवढीच अट. २०० गुणकांनंतर म येतो साधारण ०.५८५९ आणि घ -१३२८. ही जोडी परत एका डबलमध्ये बसवायला जाऊ नका, एलडीएक्सप प्रामाणिकपणे शून्य देईल. माणसाला वाचण्यासाठी छापायचं असेल तर लॉग१० घ्या: घाताला ०.३०१०३ने गुणा, येतात उणे ३९९.७६८, त्यात ०.५८५९चा लॉग, उणे ०.२३२, मिळवा. उणे ४००. म्हणजे १०चा -४००वा घात, ०.०१ दोनशे वेळा गुणल्यावर यायला हवा तोच.